ताटावरचा रूपक

सुदाम विधातेचा एक फोन मी दाबून टाकला होता. हे आधीच सांगतो. पुढे मी त्याचं भरपूर कौतुक करणार आहे, आणि ते कुठल्या तोंडाने करतोय हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. हे सगळं लिहू का, असं मी त्यालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "लिहा की शरदराव. फक्त सुरांचे नंबर चुकवू नका."

सुदामला तुम्ही नावाने ओळखत नसाल, पण कानाने नक्की ओळखता. संध्याकाळच्या कौटुंबिक मालिकांच्या सुरुवातीला जे संगीत वाजतं, त्यातल्या निदान चार चाली त्याच्या आहेत. तीन मराठी चित्रपटही त्याच्या नावावर आहेत. मला मात्र तो आठवतो तो आमच्या घरी येऊन फोनचा रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटून उभा राहणारा एक काटकुळा पोरगा म्हणून. फोन कुणालाच लावलेला नसायचा.

नाशिकला मखमलाबाद रस्त्याला आमची कॉलनी झाली ती विधात्यांच्या मळ्याला लागून. मी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर, आमच्याकडे फोन आला. कॉलनीतला पहिला. बायकोने, मंगलने, त्याला विणलेलं झाकण घातलं. माणसं बघायला येऊन गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात हा उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले गुलाब.

"फोन करायचाय का?" मी विचारलं.

"नाही. नुसता उचलायचाय."

त्याने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, डोळे मिटले. आतली ती अखंड घूं ऐकली. मग मान हलवून म्हणाला, "पांढरी पाच. किंचित वर आहे, पण बसतंय." गुलाब मंगलच्या हातात दिले आणि गेला.

पेटीवाले लोक पट्ट्या मोजून सूर सांगतात, पांढरी एक, काळी दोन असं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, पोरगं जरा हललेलं आहे. पुढे कळलं की मळ्यातला रियाज सुरू करायच्या आधी त्याला एक खात्रीचा सूर हवा असायचा. आकाशवाणी केंद्रावरचा तानपुरा सकाळी एकदाच लागतो; आमचा फोन चोवीस तास त्याच सुरात.

असा एकही आवाज नव्हता ज्याचा नंबर सुदामला ठाऊक नव्हता. आमचा कुकर काळी दोन. समोरच्या जोशीकाकांची स्कूटर सुरू होताना पांढरी चार, चढावर लागली की पांढरी तीन. माझ्या कंपनीच्या बसचा हॉर्न काळी तीन. "ड्रायव्हर बदलला तरी काळी तीनच. शिस्त आहे कंपनीला," असं तो आदराने सांगायचा. जोशीकाकांच्या शिंकेबद्दल त्याचं मत होतं की ती वरच्या सा ला छान लागते, पण उतरताना घसरते. हे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं. काका त्यानंतर महिनाभर त्याच्यासमोर नाक दाबून बसायचे.

आणि दोन आवाज जुळले की त्याचं ठरलेलं एक वाक्य. "बसतंय!" चाल जमली तरी "बसतंय", सदरा अंगाला झाला तरी "बसतंय", मंगलच्या आमटीत गूळ बरोबर पडला तरी "वहिनी, बसतंय!"

हे वेड आलं कुठून? त्याची आई म्हणायची, "मोटरीनं बिघडवलं त्याला."

विधात्यांचा मळा म्हणजे गुलाब, निशिगंध, थोडी मेथी-कोथिंबीर. आई पहाटे फुलं तोडून बाजारात न्यायची, वडील सुदामच्या लहानपणीच गेलेले. देवळातल्या भजनी मंडळात आठव्या वर्षी हा पेटीला बसला. पेटी घ्यायची ऐपत नव्हती, तानपुऱ्याचं तर नावच नको. पण विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर होती. ती एकदा सुरू झाली की तासन्‌तास एकाच सुरात घुमायची. पाणी भरायच्या निमित्ताने सुदाम मोटर लावायचा आणि शेजारी बसून गायचा. वाफा कधीच भरून वाहायला लागलेला असायचा, पण याचा आलाप संपायचा नाही.

"शरदभाऊ, तुमीच सांगा," त्याची आई एकदा आमच्या दारात येऊन म्हणाली, "लोकाची पोरं घर बुडवत्यात. माझं रोज मेथी बुडवतंय. ओरडायला जावं तर असं गोड गातंय की मीच बसते मारायचं कांडकं हातात धरून. मग दोगं मिळून मेथी बुडवतो."

लाईट गेली की त्याचा रियाज बंद. वीज मंडळाने जे तास ठरवले, तेच त्याच्या गाण्याचे. कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षाला सोडलं. सोडायचं कारण मी विचारलं तर म्हणाला, "कॉलेज सकाळी असतं. आमच्या फीडरला लाईटपण सकाळीच असते."

एके दिवशी त्याने आम्हाला एक कार्ड आणून दिलं. गुलाबी कागदावर छापलेलं: 'सुदाम विधाते, संगीतकार (चित्रपट व टीव्ही)'. तोपर्यंत त्याने केलेलं काम म्हणजे गणपतीतला ऑर्केस्ट्रा, हळदीचे कार्यक्रम आणि रिक्षावरच्या भोंग्यातून वाजणारी साडीच्या दुकानाची एक जाहिरात. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात आमचा फोन नंबर होता आणि पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. ज्यांच्याकडे फोन नसे ते तेव्हा शेजाऱ्याचा नंबर असाच द्यायचे. फोन शेजाऱ्याकडे यायचा, आणि शेजाऱ्याने ज्याचा त्याला बोलवायचं. कुणी ते कर्तव्य समजायचं, कुणी कटकट. मी त्या वेळी कर्तव्य समजत होतो.

"आम्हाला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. मग विचारून काय फायदा?"

अडचण एवढीच की त्याचं घर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपलीकडे. दोनशे पावलं तरी असतील. गच्चीवरून हाक मारली तर मोटरीत बुडायची. तोडगा त्यानेच काढला. मंगलच्या फळीवरची सगळी ताटं उलथण्याने वाजवून बघितली आणि कडेला पोचा आलेलं एक ताट निवडलं. "हाक मोटरीत मिसळते, वहिनी. हे ताट कापत येतं." मग त्याने तिला रूपक शिकवला. सात मात्रांचा ताल, तीन-दोन-दोन. चार दिवस मंगल पोळ्या लाटताना पोळपाटावर सात मोजत होती.

"दुसरं काहीतरी सोपं ठेव की," मी म्हणालो. "धाडधाड वाजवलं की समजायचं."

"धाडधाड कुणीपण वाजवतं. माकडं हाकलायला पण वाजवतात. रूपक आला की मला कळेल, माझाच फोन." आणि मंगलला त्याने बजावलं, "रागावल्यासारखं वाजवू नका हं. जेवायला बोलावल्यासारखं वाजवा."

ताट वाजलं की तो धावत यायचा. आल्याबरोबर रिसीव्हर मात्र उचलायचा नाही. आधी सदऱ्याचं वरपर्यंत बटण लावायचा, तळहाताने केस बसवायचा आणि मग बोलायला लागायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, "समोरच्याला दिसत नाही म्हणून काय झालं? बटण उघडं असलं की आवाज सैल लागतो."

फोन बहुतेक हळदीच्या सुपारीचे असायचे. पण तो वाट बघायचा ती मुंबईच्या फोनची. ऑर्केस्ट्रातल्या तबलजीचा एक भाऊबंद मुंबईत रेकॉर्डिंगला वाजवायचा. त्याच्यामार्फत सुदामच्या चालींची कॅसेट एका मालिकेच्या संगीतकारापर्यंत पोचली होती. "आवडली तर फोन करतील," एवढंच कळलं होतं.

आता माझ्यावर येतो.

मला गाण्याची हौस होती. गळा नव्हता, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सुदामच्या ऑर्केस्ट्रात मी कोरसमध्ये उभा राहायचो आणि माइकचे स्टँड उचलायचो. जन्मात एकदा स्टेजवर एकट्याने गावं, एवढंच मागणं होतं. सुदामने ते ओळखलं. सिन्नरला एका संस्थेचा कार्यक्रम ठरला, तेव्हा माझ्या नावावर त्याने एक अख्खं भावगीत टाकलं, आणि तेही स्वतःच्या नव्या चालीचं. पंधरा दिवस मी कंपनीच्या बसमध्ये पुटपुटत होतो. सासुरवाडीची माणसं सिन्नरला येणार होती. इस्त्रीचा झब्बा तयार होता. जानेवारी महिना, कार्यक्रम रविवारी संध्याकाळी.

शनिवारी दुपारी मंगल हळदीकुंकवाला गेलेली. फोन वाजला.

"सुदाम विधाते आहेत का? मुंबईहून बोलतोय." आवाज घाईचा, पण सभ्य. "त्यांची कॅसेट ऐकली आम्ही. उद्या सकाळी अकराला येऊ शकतील का? पेटी आणू नका म्हणावं, इथं आहे. स्वतःच्या चाली आणा, दोन-चार असतील तरी चालतील. बोलावता का त्यांना? मी थांबतो."

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, ताट आणि उलथणं घेतलं आणि गच्चीवर गेलो. हे मुद्दाम सांगतो, कारण मी गेलो होतो. विहिरीच्या कठड्यावर सुदाम ऑर्केस्ट्राची पेटी घेऊन बसला होता. मोटर बंद होती, त्यामुळे नीट ऐकू आलं. माझ्या गाण्याच्या दोन कडव्यांमधला तुकडा तो बसवत होता. एकदा वाजवायचा, थांबायचा, पुन्हा वाजवायचा.

उद्या हा मुंबईला गेला तर सिन्नरला माझ्या मागे कोण वाजवणार? याच्याशिवाय ती चाल कुणाला येत होती? झब्बा, सासरे, पंधरा दिवस, सगळं डोळ्यांसमोर आलं. उलथणं माझ्या हातात होतं. ताटापासून वीतभर लांब.

मी खाली आलो. रिसीव्हर उचलला. म्हणालो, "ते बाहेरगावी गेलेत. मंगळवारी येतील."

"अरेरे. मग राहू द्या. आम्हाला उद्याच हवं होतं," पलीकडचा माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

मी ताट फळीवर ठेवलं. हात धुतले. का धुतले, कुणास ठाऊक.

सिन्नरचा कार्यक्रम झाला. पहिल्या कडव्यापर्यंत मी तरलो. दुसऱ्यात माझा सूर खाली यायला लागला. आपला सूर उतरतोय हे गाणाऱ्याला समजत नाही, समोरच्याला समजतं. पहिल्या रांगेतल्या सासऱ्यांनी पायातला बूट न्याहाळायला घेतला होता. आणि एकदम सगळं परत जुळलं. मला वाटलं, मी सावरलो. टाळ्याही पडल्या. नंतर तबलजीने विंगेत सांगितलं, "तुम्ही कसले सावरता? सुदामने अख्खं गाणं काळी एकवरून पांढरी एकवर आणलं, चालू गाण्यात! माझा तबला बोंबलत राहिला तो राहिलाच."

मी सुदामकडे बघितलं. तो वायर गुंडाळत होता. "तुम्ही सूर सोडला नाही, शरदराव," तो म्हणाला. "सूरच जरा खाली सरकला. आपण गेलो त्याच्या मागं. बसलं की नाही?"

त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं. जीपमध्ये शेजारी बसून मी नाशिकपर्यंत आलो आणि बोललो नाही.

त्यानंतर पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. "काही फोन?" मी मान हलवायचो. मंगल बिचारी म्हणायची, "लाईनच खराब असेल रे." मग तो आत जाऊन रिसीव्हर उचलायचा, ऐकायचा आणि परत ठेवायचा. "सूर तर बरोबर आहे," म्हणायचा.

त्याच दिवसांत त्याला देवळ्याचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगी त्याला आवडली होती. दोघांचं बोलणंही झालं होतं. मुलीचे वडील कांद्याचे व्यापारी. मध्यस्थ म्हणून मी बैठकीला होतो.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

"संगीतकार आहे."

"ते बरोबर. पण काम?"

सुदाम म्हणाला, "सिझनवर असतं."

"म्हंजे कांद्यासारखंच की!" ते हसले. माणूस वाईट नव्हता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगा गुणी शे. मुंबईचं काही पक्कं झालं तर कळवा, मी थांबतो." 'थांबतो' हा शब्द तेव्हा माझ्या कानात असा घुसला की मला पाणी मागावं लागलं. ते सहा महिने थांबले. मग त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. सुदामने पुन्हा स्थळ पाहिलं नाही. माझ्यामुळेच असं झालं, हे छातीठोकपणे मला म्हणता येणार नाही. माझ्यामुळे झालं नाही, असंही कधी म्हणता आलं नाही.

तीन वर्षं गेली. मसाल्याच्या, छत्रीच्या, क्लासेसच्या जाहिराती, शाळांची स्नेहसंमेलनं, केबलवरच्या कार्यक्रमांचं संगीत. एका छत्रीच्या जाहिरातीला त्याने विहिरीत बादली सोडल्याचा आवाज वापरला होता. दुकानदार म्हणाला, "ऐकून गिऱ्हाईकाला तहान लागेल, छत्री कोण घेईल?" सुदाम तीन वर्षांत एकदाही कुरकुरला नाही. उलट दर दसऱ्याला फोनला झेंडूचा हार घालायला यायचा. आम्ही ओवाळायचो वाहनाला, तो आमच्या फोनला.

आणि मग पुन्हा मुंबईचा फोन आला. दुसऱ्या कुणाचा, दुसऱ्या मालिकेसाठी. मी कंपनीत होतो. मंगलने फोन घेतला, गच्चीवर गेली आणि जेवायला बोलावल्यासारखा रूपक वाजवला. तो धावत आला, बटण लावलं, केस बसवले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने गेला.

पहिली दोन वर्षं तो तिथे दुसऱ्यांच्या हाताखाली वाजवत होता. मग त्याला स्वतःची मालिका मिळाली, तेव्हा तो एका रविवारी आला आणि मंगलला म्हणाला, "वहिनी, ते ताट द्या."

"कुठलं?"

"पोचेवालं. त्याच्या बदल्यात सेट आणलाय." खरंच खोक्यात सहा ताटांचा नवाकोरा सेट होता.

ती मालिका लागली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. आधी काळोख, आणि काळोखात एक ताट वाजलं. तीन-दोन-दोन. मग बासरी आली, मग व्हायोलिनं. मंगलने तोंडाला पदर लावला. "अहो, मी!" ती म्हणाली. "ही मी वाजतेय!"

ती मालिका चार वर्षं चालली. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी साडेसातला, महाराष्ट्रातल्या घराघरांत ते ताट वाजायचं. आपल्यालाच जेवायला बोलावतंय असं लोकांना वाटायचं. मला एकट्याला वाटायचं, जे मी वाजवलं नाही ते हे वाजतंय. साडेसातला मी हटकून दळण आणायला जायचो. गिरणीतही टीव्ही होता.

मुलाखतींत तो आमचं नाव घ्यायचा. "नाशिकला शरदरावांच्या घरी फोन होता म्हणून मी आहे," हे वाक्य मी तीनदा तरी वाचलंय. कात्रणं मंगल जपून ठेवायची. ओझरचे सहकारी म्हणायचे, "नशीबवान आहात बुवा!" खरंच होतो. आयुष्यात एकदा स्टेजवर गायलो आणि पडलो नाही, ते त्याच्यामुळे. माझ्या बायकोचा हात साऱ्या महाराष्ट्राने ऐकला, तो त्याच्यामुळे. एवढं देणाऱ्या माणसाकडे नीट बघणं मात्र मला जमत नव्हतं.

त्याची आई वारली त्यानंतर तो जास्त वेळा नाशिकला यायला लागला. मळ्याचा अर्धा भाग गेला होता, गुलाबाचे थोडे वाफे आणि विहीर राहिली होती. एकदा आमच्याकडे जेवताना मंगलने विचारलं, "मुंबईत एवढं सगळं आहे तुझं, इथं येऊन एकटा बसतोस काय?"

"मुंबईत दोन मोबाईल आहेत, वहिनी. दोन्ही माझ्याच खिशात वाजतात," तो म्हणाला. "इथं कसं होतं, फोन यायचा आणि त्याच्याआधी तुमचं ताट वाजायचं. आपल्याला कुणीतरी बोलावतंय असं वाटायचं. आता आई पण नाही बोलवायला." मग एकदम आमटीकडे वळला. "गूळ थोडा वर गेलाय. पण बसतंय."

तो गेल्यावर मंगल म्हणाली, "तुम्ही बघितलं का? विहिरीवर बसतो तेव्हा तोंड आपल्या गच्चीकडे असतं त्याचं."

पुढच्या महिन्यात शहरातल्या एका मंडळाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ झालं. बोलायला उठल्यावर त्याने मला वर बोलावलं, स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि माइकवर म्हणाला, "हा माणूस माझा फोन होता. याने एकदाही कंटाळा केला नाही." सभागृह टाळ्या वाजवत होतं. मला वाटत होतं, सूर खाली सरकतोय आणि या वेळी तो मागे येऊन सावरू शकणार नाही, कारण त्याला कळलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मंगलला सगळं सांगितलं. शनिवार, हळदीकुंकू, गच्ची, 'बाहेरगावी गेलेत'. तेरा वर्षांत पहिल्यांदा. तिने कप खाली ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"मला काय सांगताय?" ती म्हणाली. उठली, फळीवरून एक ताट काढलं, उलथणं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "निरोप ज्याचा त्याला द्या."

मी गच्चीवर गेलो. ऊन नुकतंच वाफ्यांवर आलं होतं. सुदाम कठड्यावर बसला होता, तोंड आमच्याकडे. मी जिथे तेव्हा उभा होतो तिथेच उभा राहिलो आणि मोजत मोजत वाजवलं. तीन-दोन-दोन. तीन-दोन-दोन.

तो उठला. आणि मग धावला. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, खिशात दोन मोबाईल असलेला माणूस गुलाबाच्या वाफ्यांतून धावत आला. एक चप्पल मातीत राहिली. मी खाली उतरेपर्यंत तो दारात धापा टाकत उभा होता.

"ताट नवं आहे. अर्धा सूर चढंय," तो म्हणाला. "आणि रूपक वहिनींचा नव्हता. तिसरी मात्रा ओढलीत तुम्ही. कुणाचा फोन?"

"तुझा," मी म्हणालो.

त्याने वरपर्यंत बटण लावलं. तळहाताने केस बसवले, होते तेवढे. रिसीव्हर उचलून कानाला लावला. खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. पांढरी पाच, किंचित वर.

"शरदराव, लाईनवर कोणी नाही."

"होते. थांबले होते," मी म्हणालो. "मुंबईहून आला होता. तेरा वर्षं झाली. सिन्नरच्या आदल्या दिवशी, शनिवारी. मी ताट घेऊन गच्चीवर गेलो होतो. तू विहिरीवर माझ्या गाण्याचा तुकडा बसवत होतास. तू गेलास तर माझ्या मागे कोण वाजवणार, म्हणून मी ताट वाजवलंच नाही. खाली येऊन त्यांना सांगितलं, तू बाहेरगावी गेलायस."

रिसीव्हर त्याच्या हातात होता. आतली घूं थांबली आणि तुटक टूं-टूं सुरू झालं. ते थोडा वेळ ऐकून त्याने रिसीव्हर अगदी हळू जागेवर ठेवला. मंगल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सुदामने माझ्याकडे पाहिलं, आणि उशिरा पोचलेला माणूस नेहमी विचारतो तेच विचारलं.

"निरोप काय होता?"

तो मला पाठ होता. "'उद्या सकाळी अकराला या. पेटी आणू नका, इथं आहे. स्वतःच्या चाली आणा, दोन-चार असतील तरी चालतील.' एवढाच होता," मी म्हणालो. "पुढचा माझा आहे. सुदाम, तुझा फोन मी तुला दिला नाही. तू विचारत राहिलास आणि मी नाही म्हणत राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर."